घरी गेलेल्या माणसाची नोंद

"आमच्याकडून गेलेल्या शंभरातले नव्वद जण आज दारूला शिवत नाहीत." व्यसनमुक्तीच्या जाहिरातींत आणि समारंभांतल्या भाषणांत हे वाक्य इतक्या वेळा कानावर पडतं, की ते कशाच्या आधारावर म्हटलं जातं हे विचारण्याची सवयच उरलेली नाही. याच क्षेत्रात निष्ठेनं काम करणारी काही माणसं नेमकं उलट सांगतात. माणूस आतून बदलतो, ते मोजता येत नाही, आकड्यांच्या नादी लागू नका, असं त्यांचं म्हणणं असतं. पहिल्या वाक्यामागे धंदा असू शकतो, दुसऱ्यामागे बहुतेकदा कळकळ असते. पण परिणाम दोन्हींचा सारखाच होतो. उपचार संपवून घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय झालं, हे कुठेही लिहिलेलं राहत नाही. माझा वाद या दोन्ही भूमिकांशी आहे, आणि कळकळीच्या भूमिकेशी जास्त आहे, कारण तिचं ऐकलं जातं.

आधी नव्वद टक्क्यांचा हिशेब पाहू. समजा, वर्षभरात १०० जण दाखल झाले. त्यांतले २० मुदतीआधीच निघून गेले. कोणी भांडून गेला, कोणाला घरच्यांनी नेलं, कोणाला कामावरून बोलावणं आलं. 'उपचार पूर्ण' या रकान्यात त्यांची नावं येतच नाहीत. उरलेल्या ८० जणांना सहा महिन्यांनी फोन केले. ३० जणांनी उचलले आणि त्यांतले २७ म्हणाले, "सोडलीय, बरं चाललंय." तिसांतले सत्तावीस म्हणजे नव्वद टक्के. गणित चुकलेलं नाही. पण दाखल झालेल्या शंभरांपैकी सत्तर जण कुठे आहेत, हे त्या गणिताला माहीतच नाही. पुन्हा प्यायला लागलेला माणूस केंद्राचा नंबर दिसला की फोन घेत नाही, हे फोन करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. म्हणजे जे हाती लागले नाहीत ते हाती लागलेल्यांसारखे नाहीत, आणि त्यांना वगळलं की आकडा आपोआप गोंडस होतो.

तंबाखू सोडवण्याच्या चाचण्यांमध्ये यावर एक कडक उपाय केला गेला. २००५ मध्ये मांडलेल्या 'रसेल स्टँडर्ड'नुसार किमान सहा महिने पाहायचं, आणि ज्याचा पत्ता लागत नाही तो पुन्हा ओढतोय असंच धरायचं. यात काही जणांवर अन्याय होतो, हे मान्य. पण निदान संस्थेला त्या माणसाला शोधण्याची गरज वाटते. हरवलेला पेशंट हिशेबातून गायब होत नाही, अपयशाच्या बाजूला जाऊन बसतो.

आणखी एक जुनं प्रकरण इथे सांगायला हवं. कॅलिफोर्नियातल्या पॅटन स्टेट हॉस्पिटलमध्ये १९७०च्या सुमारास मार्क आणि लिंडा सोबेल या मानसशास्त्रज्ञांनी दारूवर अवलंबून असलेल्या २० जणांना मर्यादेत पिण्याचं प्रशिक्षण दिलं. तुलनेसाठी तशाच २० जणांना नेहमीचे, पूर्ण दारू सोडण्याचे उपचार दिले. प्रशिक्षण घेतलेल्यांचं बरं चाललं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९८२ मध्ये मेरी पेंडरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात लिहिलं की त्या वीस जणांचा माग काढला तर बहुतेक पुन्हा बुडालेले निघाले आणि चौघे मेलेले. मोठी खळबळ उडाली, लबाडीचे आरोप झाले. चौकशी समितीला लबाडी आढळली नाही. पण मला महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. पेंडरींनी एकाच गटाची अवस्था मांडली होती. तुलनेच्या गटाचा माग लागला तेव्हा कळलं, की तेवढ्याच काळात तिथले सहा जण गेले होते. दारूवर अवलंबून असलेल्या माणसानं मर्यादेत प्यावं, असं मी मुळीच म्हणत नाही. मी म्हणतो ते एवढंच, की 'चौघे मेले' हे ऐकून देशभर मतं ठरली, आणि ती ठरवताना दुसऱ्या गटाची वही कोणी उघडली नव्हती. यशाचा दावा करणाऱ्यांना आपण हिशेब विचारतो, तसाच अपयशाची दवंडी पिटणाऱ्यांनाही विचारायला हवा.

आता 'उपचार पूर्ण' हा शब्द घेऊ. आपल्याकडची निवासी मुदत साधारण महिनाभर ते काही महिन्यांची असते. शेवटच्या दिवशी निरोप होतो, घरचे डोळे पुसतात, रजिस्टरमध्ये शेरा पडतो. तो शेरा म्हणजे निकाल, असं सगळे धरून चालतात. लंडनमधल्या जॉन स्ट्रँग आणि सहकाऱ्यांचा २००३ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आलेला अभ्यास हा समज मोडून काढतो. हेरॉइनसारख्या अफूजन्य पदार्थांच्या व्यसनासाठी दाखल होऊन गेलेल्या १३७ जणांचा त्यांनी वर्षभर मागोवा घेतला. पाच जण मरण पावले होते. त्यांतले तिघे ओव्हरडोसनं, तेही बाहेर पडल्यापासून चार महिन्यांच्या आत. आणि हे तिघेही डिटॉक्स, म्हणजे शरीरातली नशा उतरवण्याचा टप्पा, नीट पूर्ण करून गेलेल्यांपैकी होते. अर्धवट सोडून गेलेल्यांपैकी नव्हते.

याचं कारण गूढ नाही. रोज गर्द घेणाऱ्याच्या शरीराला हळूहळू मोठा डोस सोसायची सवय होते. नशा थांबली की काही आठवड्यांत ती सवय ओसरते. तलफ मात्र ओसरलेली नसते. एखाद्या वाईट संध्याकाळी तो जुन्या ठिकाणी जातो, जुनाच डोस घेतो, आणि आता तो डोस त्याचा श्वास थांबवायला पुरेसा असतो. संस्थेच्या वहीत मात्र तो 'यशस्वी'च राहतो, कारण वही निरोपाच्या दिवशी मिटलेली असते. अशी वही माणसाला वाचवू शकत नाही. तो मेल्याचंसुद्धा तिला कळत नाही.

पहिले तीन महिने सगळ्यात निसरडे असतात, हेही फार पूर्वीपासून माहीत आहे. हंट, बार्नेट आणि ब्रांच यांनी १९७१ मध्ये हेरॉइन, तंबाखू आणि दारू सोडलेल्यांच्या घसरणीचे आलेख शेजारी शेजारी मांडले. तिन्ही जवळजवळ एकसारखे निघाले. तीन महिन्यांत दोन-तृतीयांशांच्या आसपास लोक पुन्हा वळलेले, आणि त्यानंतर उतार मंदावत गेलेला. म्हणजे आपण ज्या दिवशी नोंद थांबवतो, नेमकी त्याच दिवशी ती सुरू व्हायची गरज असते.

इथे एक आक्षेप हमखास येतो. घरी गेलेल्या माणसाला विचारून काय उपयोग, पिणारा माणूस खोटंच बोलतो. हा आक्षेप मला अपमानास्पद वाटतो आणि तो चुकीचाही आहे. खरं बोलल्यावर शिक्षा होणार असेल तिथे कोणताही माणूस खोटं बोलतो. नोकरी जाणार, बायको माहेरी जाणार, समुपदेशक सगळ्यांसमोर झापणार, असं असेल तर तो "नाही घेतली" असंच म्हणणार. जिथे उत्तराची किंमत मोजावी लागत नाही, गुप्तता पाळली जाते आणि प्रश्न नेमके असतात, तिथे पिणाऱ्यांची उत्तरं बऱ्यापैकी भरवशाची असतात, असं संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. "कशी चाललीय गाडी?" या प्रश्नाला खरं उत्तर येत नाही, कारण तो प्रश्नच नाही. लिंडा आणि मार्क सोबेल यांनीच पुढे रूढ केलेली एक पद्धत आहे. समोर कॅलेंडर ठेवायचं आणि मागच्या महिन्या-दोन महिन्यांतला एकेक दिवस आठवत जायचा. आपल्याकडे भिंतीवर कालनिर्णय असतंच. पगार कधी झाला? गटारीला कुठे होतास? मेव्हण्याच्या हळदीला गेलास तेव्हा? पोळ्याला गावी? साखर कारखान्याची उचल मिळाली त्या आठवड्यात? तारखेला प्रसंग जोडला की आठवण मोकळी होते, आणि माणूस स्वतःच थबकून म्हणतो, "म्हणजे दर पगाराच्या शनिवारीच होतंय की." हा शोध त्याचा स्वतःचा असतो. समुपदेशकानं दिलेल्या शंभर सल्ल्यांपेक्षा तो जास्त टिकतो.

तपासण्यांचं काय, असं विचारलं जातं. तपासण्या हव्यात, पण त्या काय सांगतात आणि काय नाही हे समजून. श्वासातली दारू काही तासांत नाहीशी होते. लघवीतलं ईटीजी, म्हणजे शरीरानं दारू पचवल्यावर उरणारा अंश, दोन-तीन दिवसांपर्यंतचं सांगतं. रक्तातलं जीजीटी हे यकृताचं एन्झाइम खाली यायला काही आठवडे लागतात, आणि ते यकृताला चरबी असली किंवा काही औषधं चालू असली तरी वाढतं. तांबड्या पेशींचं आकारमान, म्हणजे एमसीव्ही, सुधारायला महिने जातात, कारण त्या पेशीच १२० दिवसांच्या आसपास जगतात. निव्वळ कागदावर 'पॉझिटिव्ह' दिसलं म्हणून एखाद्याला खोटारडा ठरवणं हे अज्ञान आहे. तपासणी संवादाच्या सोबतीला हवी. संवाद बंद करायला तिचा वापर झाला, की पेशंट पुढच्या वेळी येतच नाही.

कळकळीच्या बाजूचा खरा मुद्दा अजून बाकी आहे. आम्हाला चेहऱ्यावरून कळतं, असं ज्येष्ठ समुपदेशक म्हणतात. त्यांच्या अनुभवाबद्दल मला आदर आहे. पण एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातला, २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहा. मायकेल लॅम्बर्ट आणि सहकाऱ्यांच्या या कामात समुपदेशकांना विचारलं गेलं, की तुमच्याकडे येणाऱ्यांपैकी कोणाची अवस्था बिघडणार आहे. ५५० जणांपैकी फक्त तिघांबद्दल त्यांनी तसं सांगितलं. प्रत्यक्षात ४० जणांची अवस्था बिघडली, आणि त्या तिघांतला एकच त्यांत होता. दर भेटीत भरून घेतलेल्या साध्या प्रश्नावलीवरून मात्र बिघडणाऱ्यांपैकी बहुतेक जण आधीच ओळखता येत होते. तो अभ्यास व्यसनाच्या पेशंटांचा नव्हता, हे मला माहीत आहे. पण आपल्या कामावर मनापासून विश्वास असलेल्या माणसाला समोरचा खचत चाललेला दिसत नाही, ही गोष्ट कोणत्याही उपचारकक्षात लागू पडते. ज्याच्यासाठी आपण जीव ओतला तो बुडतोय, हे डोळे मान्य करत नाहीत. म्हणून डोळ्यांच्या जोडीला कागद हवा.

मग मोजायचं काय? इथे मोजमापाचे कैवारीही चुकतात. ते फक्त पिण्याचे दिवस मोजतात. फिलाडेल्फियात थॉमस मॅक्लेलन आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये 'अॅडिक्शन सिव्हिरिटी इंडेक्स' मांडला तेव्हा त्यात सात बाजू ठेवल्या. शरीर, कामधंदा, दारू, इतर नशा, कायद्याची भानगड, घर आणि नातीगोती, मन. या सातही बाजू एका वेगानं सुधारत नाहीत. आपल्याकडचा एखादा एसटी ड्रायव्हर डोळ्यांसमोर आणा. सहा महिन्यांत तीनदा पितो, पण कामावर एकही खाडा नाही, कर्जाचे हप्ते सुरू झालेत, मुलीशी बोलणं सुरू झालंय. दुसरा एक जण एकदाही प्यायला नाही, पण झोप नाही, कोणाशी बोलत नाही, जगून काय करू असं म्हणू लागलाय. 'पितो की नाही' या एकाच रकान्यात पहिला नापास होतो आणि दुसरा पास. प्रत्यक्षात तातडीनं जायचं आहे ते दुसऱ्याच्या घरी.

आणि तो एकच रकाना पहिल्याला आणखी खोल ढकलतो. 'रीलॅप्स प्रिव्हेन्शन', म्हणजे पुन्हा होणारी घसरण रोखणं, या विषयात मोठं काम केलेल्या अॅलन मार्लॅट यांनी १९८०च्या दशकात दाखवून दिलं, की घसरणीचं रूपांतर पुन्हा पूर्ण व्यसनात होतं ते बऱ्याचदा पहिल्या पेल्यानंतरच्या विचारामुळे. "झालं, सगळं संपलं, आता काय राहिलंय" या विचारामुळे. उपचार करणाऱ्यांनीही हेच म्हटलं, तर त्या विचाराला आपणच मोहर लावतो. 'प्रोजेक्ट मॅच' या दारूच्या उपचारांवरच्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचे, १,७२६ रुग्णांच्या, निकाल १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिथे उपचारांआधी महिन्यातले मोजकेच दिवस कोरडे असत, उपचारांनंतर महिन्यातले बहुतेक दिवस कोरडे जाऊ लागले. पूर्ण सोडलेल्यांचं प्रमाण त्या मानानं बरंच कमी होतं. 'सोडली की नाही' एवढंच विचारलं असतं तर एवढा बदल हिशेबातच आला नसता. मॅक्लेलन यांनी २००० मध्ये 'जामा'त लिहिलं, की व्यसनात पुन्हा घसरण्याचं प्रमाण रक्तदाब किंवा दम्याच्या रुग्णांत त्रास पुन्हा उफाळण्याच्या प्रमाणासारखंच आहे. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून डॉक्टर गोळी बंद करून "तू सुधारणारच नाहीस" असं म्हणत नाही.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या मित्रांना हे टोचेल. त्यांच्याकडे सोबर दिवस मोजतात, वर्ष पूर्ण झालं की वाढदिवस साजरा होतो, आणि प्यायला की मोजणी शून्यावर येते. १९३५ पासून या बंधुभावानं असंख्य घरं सावरली आहेत, त्या वाढदिवसाचं मोल मी कमी करत नाही. तो त्या माणसाचा स्वतःशी केलेला करार आहे, तो त्यानंच मोजावा. दवाखान्याच्या नोंदीचं काम वेगळं आहे. चारशे दिवसांनंतर एकदा घसरलेल्या माणसाची नोंद शून्यावर आणली, तर ते चारशे दिवस कशामुळे शक्य झाले ही सगळ्यात उपयोगाची माहितीच आपण पुसून टाकतो.

एक आक्षेप मात्र असा आहे, की त्यापुढे मी थबकतो. नोंद म्हणजे पाळत होईल, आणि ती कोणाच्या हाती लागेल? ही भीती पोकळ नाही. अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम ६४-अ नुसार उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं, पण उपचार पूर्ण केले नाहीत तर ते काढूनही घेता येतं. म्हणजे एखादी नोंद माणसाला कोर्टाच्या दारात उभी करू शकते. मालकानं दाखल केलेल्या कामगाराचा अहवाल मालक मागतो. लग्न जुळवताना कोणी आतून चौकशी करतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी जोडलेल्या मानसिक अवस्था येतात, त्यामुळे त्यातला गोपनीयतेचा हक्क (कलम २३) आणि स्वतःची वैद्यकीय कागदपत्रं पाहण्याचा हक्क (कलम २५) या पेशंटलाही आहे. त्याला हे दाखल होतानाच सांगितलं गेलं पाहिजे. नोंद कोण पाहील, कोण नाही, हे त्याच्यासमोर लिहून ठरलं पाहिजे. जिथे हे होत नाही तिथे पेशंटनं खरं सांगू नये, असंच मी म्हणेन.

दुसरा धोका पैशाचा. निकाल पाहून अनुदान द्यायचं म्हटलं, की केंद्रं अवघड माणसांना टाळू लागतात. अमेरिकेच्या मेन राज्यात अनुदान कामगिरीशी जोडल्यावर जास्त गंभीर व्यसनाच्या रुग्णांचं प्रमाण घटलं, हे २००३ च्या एका अभ्यासात दिसलं. रस्त्यावर राहणारा, एचआयव्हीबाधित, चौथ्यांदा दाखल होणारा गर्दुल्ला कोणत्याही आकडेवारीला 'खराब' करतो. म्हणून सरकारनं निकालावर पैसे देऊ नयेत. पैसे द्यावेत ते पाठपुरावा प्रत्यक्ष केल्याबद्दल. किती जण हाती लागले, किती जणांना घरी जाऊन भेटलात, हे विचारावं.

एवढा वेळ कोणाकडे आहे, हेही ऐकायला मिळतं. २०१९ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच कुठलेतरी उपचार मिळतात, आणि १८० जणांपैकी एकालाच दाखल होऊन. खाटा कमी, माणसं कमी, हे खरं. पण म्हणूनच तर जो एक जण दारातून आत येतो त्याला बाहेर पडल्यावर हरवू देणं परवडणारं नाही. तोच चौथ्यांदा दाखल होतो तेव्हा तीच खाट पुन्हा अडते. पिण्याचं प्रमाण आणि त्रास जोखणाऱ्या, जागतिक आरोग्य संघटनेच्या 'ऑडिट' प्रश्नावलीत दहाच प्रश्न आहेत. पहिल्या तीन महिन्यांत दर आठवड्याला दहा मिनिटांचा फोन आणि एक वही, याला मोठी यंत्रणा लागत नाही. तो फोन कोणाचं काम आहे, हे ठरवावं लागतं.

आज ते काम कोण करतं, हे आपल्याला माहीत आहे. बायको करते. तो दारात आला की ती वास घेते, खिसे तपासते, टपरीवरच्या पोराला विचारते, उशिरा आला तर घड्याळाकडे बघत बसते. चुकून "घेतलीस का?" विचारलं तर भांडण होतं, नाही विचारलं तर सासू म्हणते, "तुझं लक्ष नाही म्हणून." पेशंटच्या नकळत जेवणात औषध कालवायचा सल्लाही तिलाच मिळतो. त्यात बऱ्याचदा डायसल्फिराम असतं, आणि त्यावर दारू पडली तर जीव जाऊ शकतो, हे तिला कोणी सांगत नाही. पुण्यात १९८६ मध्ये सुरू झालेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानं 'सहचरी' गट चालवला तो अशा बायकांना स्वतःचं बोलता यावं म्हणून. नवऱ्याची पहारेकरी व्हायला तिला तिथे कोणी शिकवत नाही. आपल्या माणसाला दाखल करायला जाल तेव्हा किती टक्के यश हे विचारू नका. घरी गेल्यावर पहिला फोन कितव्या दिवशी येईल, तो कोण करेल, ठरलेल्या भेटीला तो आला नाही तर त्याच संध्याकाळी कोण शोधायला निघेल, आणि पुन्हा प्यायला तर परत दारात घेणार का, हे विचारा. उत्तर "आम्हाला कळवा" असं आलं, तर ते काम पुन्हा तिच्याच गळ्यात पडणार आहे.